ख्रिस्ती जीवनातली नम्र सेवा : तुमच्या मंडळीत ती कुठे दिसते?

अबोली_नगर (धागाकर्ती)

सलाम.

आमच्या तरुण संघाच्या बायबल अभ्यासात एका मुलीने सरळ विचारलं, "मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करायची म्हटली तरी घसा कोरडा पडतो. मग माझ्या हातून देवाची सेवा कशी व्हायची?" तिला तिथल्या तिथे चार वचनं सांगितली गेली, पण प्रश्न काही मला सोडेना. आमच्याकडे सेवा म्हटलं की डोळ्यांसमोर व्यासपीठच येतं: संदेश, गायन, सूत्रसंचालन, पंच कमिटी. त्यानंतर देणगी, आणि देणगीपाठोपाठ नाव. चर्चच्या मंदिरातल्या पंख्यांच्या पात्यांवर, बाकांच्या पाठींवर, घड्याळाच्या काचेवर नावं आहेत.

म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय पुन्हा बसून वाचला. येशूने कंबरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. उपदेशही बहुधा त्या रुमालापासूनच सुरू होतो. पण त्याच्या आधीचं वाक्य बघा. पित्याने आपल्या हाती सर्व काही दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो भोजनावरून उठला. योहानाने हे जाणणं आधी ठेवलंय आणि उठणं नंतर. म्हणजे पाय धुणारा माणूस स्वतःला क्षुद्र समजत नव्हता. आपण कोण आहोत याबद्दल त्या खोलीत फक्त त्यालाच खात्री होती. बाकीचे, लूक सांगतो त्याप्रमाणे, त्याच रात्री त्याच मेजावर आपल्यात मोठा कोण यावर वाद घालत होते. येशूला पकडून देणारा यहूदाही तिथेच होता आणि पाय धुऊन झाल्यावर बाहेर पडला. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की ख्रिस्ती नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं नव्हे. आपण कोणाचे आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याला वर बसण्याची धडपड करावी लागत नाही, म्हणून तो निवांतपणे खाली बसू शकतो. ज्याला ते ठाऊक नाही तो सेवा करतानाही इकडेतिकडे बघत राहतो की कोणी पाहतंय का.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं ब्रीद मार्क १०:४५ मधून घेतलेलं आहे: सेवा करून घ्यायला नाही, तर सेवा करायला. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून ते काम सुरू केलं. एका खाटेवर व्यासपीठ मावत नाही, हे मला त्यात फार आवडतं.

तुमच्या मंडळीत, गावात, कामाच्या जागी अशी सेवा कुठे दिसली ते लिहा. एक विनंती, हयात माणसांची नावं देऊ नका. ज्यांनी नाव नको म्हणून काम केलं, त्यांचं नाव इथे येणं बरं नव्हे.

---

वसईचा_किनारा

जय येशू. चांगला विषय घेतलात.

आमच्याकडे पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, मिस्सेत (उपासनेत) पाय धुण्याचा विधी असतो. फादर झगा उतरवतात, कंबरेला टॉवेल बांधतात आणि बारा जणांपुढे गुडघ्यांवर बसतात. पूर्वी नियमाने हे बारा जण पुरुषच असायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली, पोप झाल्यावर दोनच आठवड्यांत, रोममधल्या कासाल देल मार्मो या अल्पवयीनांच्या तुरुंगात जाऊन हा विधी केला. त्या बारा जणांत मुलीही होत्या आणि मुसलमानही. पुढे जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला आणि देवाच्या प्रजेतल्या कोणालाही बसवता येईल असं ठरलं. आमच्या धर्मग्रामात तेव्हापासून म्हाताऱ्या आयाबाया बसतात, एका वर्षी चर्चचं अंगण झाडणाऱ्या बाई बसल्या होत्या.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. निवड झालेली माणसं त्या दिवशी घरून पाय घासूनपुसून, नखं कापून येतात. पायरीवर बसल्यावर ती अवघडलेली दिसतात, फादर पायाला हात लावतात तेव्हा कित्येकजण पाय मागे घेतात. येशूचा शिष्य पेत्र, त्यानेही हेच केलं होतं, "माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत." येशूने त्याला जे उत्तर दिलं ते कडक आहे: मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. सेवा करणं एक वेळ जमतं हो. पण आपला मळलेला पाय दुसऱ्याच्या हातात देणं? जे आयुष्यभर इतरांसाठी राबतात त्यांच्यापैकी अनेकांना आजारपणात कोणी भरवलेलं चालत नाही. मला वाटतं नम्रतेची अर्धी परीक्षा तिथे आहे.

आणि नावाबद्दल. आमच्याकडे संत विन्सेंट द पॉल सोसायटी आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर ती सुरू केली. पद्धत अजून तीच आहे. दोघा-दोघांनी गरिबाच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं. बैठकीत पिशवी फिरते, कोणी किती टाकलं हे शेजारच्यालाही कळत नाही. कोणत्या घरी गेलो हे बाहेर बोलायचं नाही. घरी जाऊन बसणं हे त्यातलं मुख्य आहे, कारण धान्याची पिशवी दारात ठेवून निघून येणं सोपं असतं.

---

सुबोध_अ

+१. वाचतोय.

---

तिसरी_पिढी

धागाकर्तीशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट राहून गेली तर हा सगळा विषय माझ्यासारख्यांना परका होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव नगर जिल्ह्यात. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले. त्याआधी आमच्या घराण्याकडे गावकीची कामं होती: मेलेली जनावरं ओढणं, सांगावे पोचवणं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावणं, चावडी झाडणं. त्यालाही "सेवा"च म्हणत. ती नाकारायची सोय नव्हती, आणि नम्र राहणं म्हणजे मान खाली आणि सावली आवरलेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तरी ही कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

पणजोबांना मंडळीत पहिल्यांदा जे मिळालं ती नम्रतेची शिकवण नव्हती. त्यांना मिळाली शाळेतली पाटी, रविवारी सगळ्यांबरोबर एका सतरंजीवर बसायची जागा, आणि "तू देवाचं लेकरू आहेस" हे वाक्य. मान वर करायला शिकणं हा आमच्या घरात तारणाचाच भाग होता. त्यामुळे कोणी व्यासपीठावरून "नम्र व्हा, सेवक व्हा" असं म्हणालं की मी आधी बघतो, बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण.

फिलिप्पैकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. त्याने ते घेतलं, कोणी त्याच्यावर लादलं नाही. उंचावरून आपणहून खाली आलेल्याची ती गोष्ट आहे. ज्याला जन्मतःच खाली ढकललंय त्याला "आणखी खाली ये" असं सांगण्यासाठी हा अध्याय वापरणं हा ख्रिस्ताच्या नावाचा गैरवापर आहे. आणि हे होतं. मंडळीतही होतं. शुभवर्तमान सभेच्या आधी संडास कोण धुतो, मांडवात खुर्च्या कोण उचलतो, याची यादी एकदा बघा. आडनावं बघा. तीच चार घरं वर्षानुवर्षं दिसतील, आणि त्यांनाच वर्षातून एकदा "नम्र सेवक" म्हणून नारळ मिळेल.

नम्र सेवेचा धागा असेल तर हा प्रश्न त्यात आधी यायला हवा: काम वाटून घेतलंय की नेमून दिलंय?

---

अबोली_नगर (धागाकर्ती)

@तिसरी_पिढी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. योहान १३ मधलं ते आधीचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं ते नेमकं यासाठीच. "आपण देवापासून आलो" हे ज्याला कधी कोणी कळूच दिलं नाही, त्याच्या हातात थेट रुमाल देता येत नाही. त्या रात्रीचा क्रमही बघा, गुरूने शिष्यांचे पाय धुतले आणि मग सांगितलं की तुम्हीही *एकमेकांचे* धुवा. शिष्यांनी गुरूचे धुवावेत असं तो म्हणाला नाही.

आमच्या मंडळीतली ती यादी मी खरंच बघणार आहे.

---

जामखेड_रस्ता

तिसरी_पिढींच्या मुद्द्याला जोडून जामखेडबद्दल लिहायलाच हवं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवराबायको वेल्लोरचेच विद्यार्थी. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा तो भाग कायम दुष्काळी होता, लहान मुलं हगवणीने आणि धनुर्वाताने जायची. त्यांनी आधी गावात प्रशिक्षित परिचारिका ठेवून पाहिल्या. ते नीट रुजलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण कसं स्वच्छ करायचं, मीठ-साखर-पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईला धोका आहे हे कसं ओळखायचं हे शिकवलं. स्टेथोस्कोप त्यांच्या हातात दिला. ज्या बाईला पूर्वी उंबऱ्याबाहेर उभं करत, तिलाच पुढे पाटलाच्या घरात सुनेच्या बाळंतपणाला आदराने बोलावू लागले.

पाण्याचंही तसंच. दुष्काळात बोअरवेल घ्यायची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीत निघेल हे पाहिलं गेलं. पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथे यायचं.

मला या कामात नम्रता दिसते ती इथे: डॉक्टरकडे मान मिळवून देणारी जी एकच गोष्ट असते, त्याचं ज्ञान, तीच त्यांनी वाटून टाकली. आपल्यावाचून अडलं पाहिजे ही इच्छा मोठमोठ्या सेवाभावी माणसांनाही सुटत नाही. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. गावोगावच्या त्या बायका काम करत राहिल्या.

सेवा केल्यावर समोरचा माणूस पूर्वीपेक्षा ताठ उभा राहिला का, ही कसोटी मी तिथून घेतली.

---

प्रश्नार्थक

मी वयाने लहान आहे, चुकीचं वाटलं तर सांगा. लूक १७ मधला दाखला मला पचत नाही. दास दिवसभर शेत नांगरून आलाय, तरी धनी त्याला आधी माझं जेवण वाढ म्हणतो, आणि आभारही मानत नाही. शेवटी आपण म्हणायचं, "आम्ही निरुपयोगी दास आहोत." मग मंडळीत कोणी कोणाचे आभार मानायचेच नाहीत का? आमच्याकडे संडे स्कूल वर्षानुवर्षं एकट्याने चालवणाऱ्या बाई शेवटी थकून घरी बसल्या. त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आणि व्यासपीठावर बोलणं ही सेवाच नाही का? की ती नेहमी खालच्याच कामात असते?

---

मिरजेची_सिस्टर

प्रश्न अगदी योग्य आहे बाळा. दाखल्याचं उत्तर इथले अभ्यासू लोक देतील. मी माझ्या कामातलं सांगते.

मी नर्स होते, आता निवृत्त आहे. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलं, त्या परिसरात मी वाढले. पुढे नोकरी दुसरीकडे झाली, पण शिकलेलं सोबत आलं.

नम्रतेची भावना वगैरे रात्रपाळीत मनात येत नाही. पहाटे तीनला येते ती झोप. तेव्हा बेडपॅन द्यायचा असतो, उलटी पुसायची असते, अर्धांगाच्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते घड्याळ बघून करायचं. मनात प्रेम दाटून आलंय की नाही याची वाट बघायची नाही. आमच्या वेळी नव्या मुली भावनेच्या भरात धावत जायच्या आणि रुग्णाला काखेत धरून ओढायच्या. अर्धांगाच्या माणसाचा खांदा तसा ओढला तर निखळतो. प्रभूची सेवा म्हणून केलं तरी निखळतोच. म्हणून आमच्या मेट्रन सांगायच्या, आधी नीट शिका, मग प्रेम करा, दोन्ही एकाच हाताने करायचं आहे.

मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या वेळी प्रभू म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझा समाचार घेतलात. तेव्हा नीतिमान लोक विचारतात, "प्रभू, आम्ही तुला आजारी केव्हा पाहिलं?" त्यांना माहीतच नव्हतं! मला हे फार दिलासा देणारं वाटतं. रुग्णाच्या चेहऱ्यात प्रभू दिसला पाहिजे असा आग्रह नाही. दिसला नाही तरी कूस बदला.

शिव्या देणारे रुग्ण असायचे, जात विचारून पाणी नाकारणारेही. त्यांचीही पाठ तशीच पुसायची, पण शिवी सहन करणं हा माझ्या नम्रतेचा भाग आहे असं मी कधी मानलं नाही. वॉर्डात स्पष्ट सांगायचे, आजोबा, असं बोलायचं नाही. आणि मग पाठ पुसायची.

---

वसईचा_किनारा

@सिस्टर, तुमच्या मेट्रनचं वाक्य लिहून ठेवलं. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमात असंच काहीसं आहे. भांडारप्रमुखाने मठातली सगळी भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत असं त्यात म्हटलंय. स्वयंपाकघरात आठवड्याची पाळी प्रत्येकाची, आणि शनिवारी पाळी संपवणारा व नवी पाळी घेणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीही काम पाळीने वाटून घेतलेलं होतं, नेमून दिलेलं नव्हतं. @तिसरी_पिढी, तुमचा प्रश्न तिथेही कोणाला तरी पडला असणार.

---

अबोली_नगर (धागाकर्ती)

@प्रश्नार्थक, माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. लूक १७ मधलं वाक्य दासाने स्वतःबद्दल म्हणायचं आहे. इतरांनी त्याच्याबद्दल म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या कष्टाकडे बघून "त्यात काय, कर्तव्यच होतं" म्हणायची मुभा त्या दाखल्यात कोणालाच दिलेली नाही.

आणि पौलाचं बघ. रोमकरांच्या पत्राचा १६वा अध्याय आपण नावांची यादी म्हणून भराभर वाचतो. तिथे तो वीसहून अधिक माणसांची नावं घेऊन सलाम सांगतो. सुरुवातच किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिच्यापासून. मरियेने तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले, त्रुफैना आणि त्रुफासा प्रभूमध्ये श्रम करतात, प्रिय पर्सिस हिने फार श्रम केले. यांतल्या एकीनेही "माझं नाव लिहा" म्हटलं नसेल. नाव घेणं हे पौलाचं काम होतं, आणि ते त्याने केलं. त्या संडे स्कूलच्या बाईंकडे तुम्ही दोघं-तिघं जाऊन या, एवढंच सुचवते.

व्यासपीठाबद्दल: हो, तीही सेवाच. वचन नीट तयार करून सांगणं कष्टाचं आहे. माझा आक्षेप आहे तो तीच तेवढी सेवा ठरण्याला.

---

सायली_भाकरे

इथे पुरुष मंडळी कमी बोलतायत म्हणून मी स्पष्टच लिहिते. सेवेचा खर्च कोण उचलतं, हेही बघा.

ना. वा. टिळक आपल्या सगळ्यांचे. त्यांची भजनं आम्ही दर रविवारी गातो. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही त्यात जागा होती. केवढं धाडस! त्या माणसाच्या निरिच्छपणापुढे मी हात जोडते. पण पैसा हातात टिकत नाही, पाहुणा कधीही येतो, अनाथ मूल घरात येऊन राहतं, अशा घरात चूल पेटती ठेवली ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळकांनी दिलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या देण्यामागे किती वेळा डब्यातलं पीठ मोजलं गेलं, ते लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहिलं नसतं तर कोणाला कळलं असतं?

आमच्याकडे प्रीतिभोजनाच्या दिवशी बायका उपासना स्वयंपाकघरातून ऐकतात. बायबलमध्ये येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली आणि तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली. आमच्याकडे संदेश मार्थेवर असला तरी मार्था कांदा चिरत असते. आणि मरियेने "चांगला वाटा निवडला" हे तिला स्पीकरवरून ऐकू येतं.

प्रेषितांची कृत्ये ६ वाचा. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली. तेव्हा पंगतीची सेवा करायला सात जण निवडले आणि अट काय घातली? आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असलेले. वाढप्यांसाठी ही अट! सातही पुरुष होते. पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव गमावलेला, स्तेफन त्यांच्यातलाच. हा अध्याय वाचून दाखवून आम्ही महिला मंडळातर्फे पंच कमिटीला सांगितलं, यंदा नाताळच्या जेवणाची भांडी पुरुषांनी घासायची. कुरकुर झाली. मग पाळकसाहेबांनी स्वतः बाह्या सावरून मोठं पातेलं ओढलं, तेव्हा बाकीचे आले. राखेने जळकी कढई घासताना त्यांच्यात जितकी छान चर्चा झाली तितकी मासिक सभेत होत नाही, असं त्यांनीच सांगितलं.

---

तिसरी_पिढी

अनुमोदन. पातेलं ओढणारे पाळक हवेत.

---

केडगावची_लेक

एवढं सगळं झालं आणि पंडिता रमाबाईंचं नाव अजून आलं नाही!

माझी आजी त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात वाढली, त्यामुळे माझ्यासाठी हा घरचा विषय. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना "पंडिता" आणि "सरस्वती" म्हणून गौरवलं, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. संस्कृत तोंडपाठ. त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली केडगावला घेऊन आल्या. केसांत उवा, अंगावर फोड, अन्न दिसलं की हिसकावून खाणाऱ्या मुली. १९०० च्या आसपास गुजरातेतून आणखी आल्या. त्यांना न्हाऊ घालणं, खरूज धुणं इथपासून काम होतं. नंतर शेती, विणकाम, तेलघाणी, दुग्धालय, छापखाना. अंध मुलींसाठी वेगळं सदन, रस्त्यावर टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन.

पण मला त्यांची नम्रता सर्वांत जास्त दिसते ती बायबलच्या अनुवादात. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत केलं, आणि ते मुद्दाम साध्या मराठीत, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावं म्हणून. आयुष्यभर कमावलेलं पांडित्य त्यांनी त्या पानांवर दिसू दिलं नाही. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी सदनातल्या मुलींनी केली, म्हणजे ज्यांना दुष्काळातून उचलून आणलं होतं त्यांनी. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. छापील ग्रंथ त्यांनी हातात घेतलाच नाही.

आजी म्हणायची, बाईंना भेटायला साहेब लोक आले तरी त्या उठून जायच्या ते आजारी मुलीच्या खोलीत. एवढंच सांगायची, पुढे काही नाही.

---

वाचक_सोलापूर

मी ख्रिस्ती नाही, घरात वारी आहे. पण धागा सलग वाचून काढला. आमच्याकडे वारीत माउली म्हणून एकमेकांच्या पाया पडतात, वय-जात न पाहता. थोरला धाकट्याच्या पाया पडतो तेव्हा धाकटा अवघडतो, वर वसईकरांनी लिहिलंय तसाच. टिळक म्हणायचे ना, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो? आज ते जरा जास्त कळलं. तिसरी_पिढी यांचा प्रश्न आमच्या फडांनाही लागू आहे, दिंडीत कोणाची जागा कुठे यावरून आमच्याकडेही बरंच काही आहे. लिहीत राहा.

---

जुना_खजिनदार

उशिरा आलो. धागाकर्तींनी पंख्यांवरच्या नावांचा उल्लेख केलाय म्हणून लिहितो. मी एका मंडळीचा हिशेब बरीच वर्षं पाहिला.

"तुझ्या उजव्या हाताचं डाव्याला कळू नये" हे वचन दानाबद्दल आहे. हिशेबाबद्दल नाही. नम्रतेच्या नावाखाली हिशेब न ठेवणं मी पाहिलंय. "आपण सगळे प्रभूचे सेवक, एकमेकांवर विश्वास ठेवायचा," असं म्हणून वही दाखवायला टाळाटाळ. विचारणाऱ्याला गर्विष्ठ ठरवायचं. पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. २ करिंथकर ८ मध्ये स्पष्ट आहे: मंडळ्यांनी निवडलेले बंधू सोबत घेतले, कोणी दोष लावू नये म्हणून, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करायचं म्हणून. प्रेषित असून स्वतःवर तपासनीस नेमून घेतले! खऱ्या नम्र माणसाला वही उघडायचं भय नसतं.

आता पंखे. ते तसेच राहू द्या असं मी म्हणेन. त्यांतल्या पुष्कळ नावांची माणसं प्रभूकडे गेली आहेत. एका विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी भिशीच्या पैशांतून दिलेला पंखा मला माहीत आहे. त्यात बडेजाव नव्हता, दुःख होतं. अडचण होते ती मोठ्या देणगीदाराला पुढची खुर्ची आणि कमिटीत मत मिळतं तेव्हा. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस आठवा. अग्रगण्य व्हायची त्याला हौस होती, आणि आलेल्या बंधूंना तो दारातूनच परत पाठवायचा. ज्याने त्याच बंधूंना घरी ठेवून घेतलं, त्या गायसालाच हे पत्र लिहिलेलं आहे.

---

प्रश्नार्थक

सगळ्यांचे आभार. काल आम्ही तिघं त्या बाईंकडे जाऊन आलो. त्यांनी पोहे केले आणि संडे स्कूलची जुनी चित्रं काढून दाखवली. परत या असं आम्ही म्हटलं नाही. त्यांनीच विचारलं की चित्रं तुम्ही वापराल का. पुढच्या रविवारपासून लहान गटाला मी शिकवणार आहे, त्या पहिले काही आठवडे मागे बसून बघतील.

---

अबोली_नगर (धागाकर्ती)

@प्रश्नार्थक, किती आनंद झाला म्हणून सांगू! सुरुवातीच्या त्या मुलीलाही तुझ्यासोबत घे, तिला चित्रं छान काढता येतात असं आता कळलंय.

@तिसरी_पिढी, यादी बघितली. तुम्ही लिहिलंत तसंच निघालं, पाच घरं. कमिटीपुढे प्रस्ताव ठेवलाय की साफसफाईची पाळी सगळ्या कुटुंबांच्या चिठ्ठ्या टाकून ठरवायची, पाळक आणि पंच यांच्या घरांसकट.

@जुना_खजिनदार, एक व्यवहाराचा प्रश्न. ज्यांना नाव नको आहे त्यांची पावती कशी करायची? आणि चिठ्ठीत नाव निघूनही कोणी पैसे देऊन माणूस पाठवला तर?

---

जुना_खजिनदार

पावती नावानेच फाडा, ती मंडळीच्या आणि देणाऱ्याच्या दोघांच्या रक्षणासाठी असते. फलकावर मात्र फक्त पावती क्रमांक आणि रक्कम लावा, छोट्या-मोठ्या रकमा आल्या त्याच क्रमाने. दानार्पणाची थैली दोघांनी मिळून मोजायची, दोघांच्या सह्या, आणि ते दोघं दर तीन महिन्यांनी बदलायचे.

माणूस पाठवण्याबद्दल नियमातच लिहून ठेवा: आजारी, वृद्ध आणि बाळंतीण सोडून बाकी कोणालाही बदली देता येणार नाही, अदलाबदल मात्र करता येईल. आमच्याकडे हे लिहून ठेवलं नव्हतं तेव्हा दुसऱ्याच महिन्यात फिरून तीच घरं आली होती. आणि फिनाईल, खराटे, हातमोजे यांचा खर्च मंडळीच्या खात्यातून करा, ज्याच्या त्याच्या खिशातून नको.